पॉइंट गार्ड पारखायचा कसा? कोर्टबाहेर वही घेऊन बसणाऱ्या नवख्यांसाठी

बास्केटबॉलचा सामना खेळून पोरगी घरी आली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती बास्केट मारल्यास गं?" शाळेत बाई हेच विचारतात, गल्लीत मैत्रिणी हेच विचारतात. फुटबॉलच्या बाबतीत आपण असं करत नाही. शाहू स्टेडियमवर मधल्या फळीतल्या पोरानं एकही गोल न मारता सामना हातात ठेवला, तर पेठेतला साधा प्रेक्षकसुद्धा ते ओळखतो आणि रात्री कट्ट्यावर त्याच्याविषयीच बोलतो. ती नजर आपल्याकडं आहेच. तीच बास्केटबॉलच्या कोर्टकडं कशी वळवायची, ते इथं सांगतो.

हा लेख नव्या क्रीडाशिक्षकासाठी आहे, संघाबरोबर मदतनीस म्हणून जाणाऱ्या सीनियर खेळाडूसाठी आहे आणि आपलं मूल नेमकं कुठं कमी पडतंय हे समजून घ्यायची मनापासून इच्छा असलेल्या पालकांसाठी आहे. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू पुढं आणणारा, चाल ठरवणारा, कोण कुठं उभं राहील हे ओरडून सांगणारा खेळाडू. आपल्याकडं संघातल्या सगळ्यात बुटक्या पोराला ही जागा देऊन मोकळं होण्याची सवय आहे. ती सोडा. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला मॅजिक जॉन्सन सहा फूट नऊ इंच उंचीचा होता आणि तो पॉइंट गार्डच होता.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. टेबलावर जी अधिकृत स्कोअरशीट भरली जाते, तिच्यात गुण, फाउल आणि टाइमआउट यांची नोंद होते. असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होते तो पास), स्टील (समोरच्याकडून हिसकावलेला चेंडू), टर्नओव्हर (आपल्या हातून गमावलेला चेंडू) यांना तिथं रकानाच नसतो. तुमच्या खेळाडूनं समोरच्या गार्डला तीन वेळा कोपऱ्यात कोंडलं, हे तुम्ही लिहिलं नाही तर दुसऱ्या दिवशी ते कुठंच उरत नाही. म्हणून शंभर पानी वही घ्या आणि प्रत्येक खेळाडूला तिच्यातली दहा पानं द्या.

सामन्याआधी

काही आकडे तोंडपाठ हवेत, कारण पॉइंट गार्डचं निम्मं काम घड्याळाशी असतं. चेंडू ताब्यात आल्यापासून ८ सेकंदांत तो पुढच्या अर्ध्यात न्यावा लागतो. २४ सेकंदांत शॉट घ्यावा लागतो. शॉट रिंगला लागून आपल्याच संघाला रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, मिळाला तर घड्याळ १४ वर येतं. चेंडू हातात धरून उभ्या असलेल्या खेळाडूला अगदी जवळून अडवलं, तर त्यानं ५ सेकंदांत पास, ड्रिबल (टप्पे मारत चेंडू नेणं) किंवा शॉट यांपैकी काहीतरी करायलाच हवं. पाचव्या वैयक्तिक फाउलला खेळाडू बाहेर जातो आणि एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. शालेय सामन्यांत २४ सेकंदांचं घड्याळ बऱ्याचदा लावलेलं नसतं. मग मोबाइलवरचं स्टॉपवॉच वापरा.

बसायची जागा नीट निवडा. शाहू महाराजांनी खासबाग मैदान असं बांधून घेतलं की कुठंही बसा, आखाडा दिसतोच. बास्केटबॉल कोर्टाला ती सोय नाही. मध्यरेषेजवळ, बेंचच्या मागं बसलात तर पळापळ दिसते, पण बचाव करणारा नेमक्या कोणत्या कोनात उभा आहे ते कळत नाही. रिंगच्या मागं, कोपऱ्याकडं, जमलं तर दोन पायऱ्या वर बसा. तुमचा खेळाडू ज्या रिंगचा बचाव करतोय त्या बाजूला पहिले दोन क्वार्टर काढा. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, पण तुम्ही जागा बदलू नका. आता त्याच रिंगवर तो आक्रमण करताना दिसेल.

पहिल्या क्वार्टरला पेन खिशात ठेवा. चेंडू कुठंही जाऊ दे, डोळे त्या एकाच खेळाडूवर ठेवा. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. मला सवय व्हायला अख्खा एक मोसम लागला.

बचाव: आधी पाय बघा

तालमीत पोर पहिल्या दिवशी आलं की वस्ताद त्याला डाव शिकवत नाहीत. आधी पवित्रा शिकवतात. गुडघे वाकलेले, वजन पायाच्या पुढच्या भागावर, कंबर खाली, पाठ ताठ. चेंडू असलेल्या खेळाडूसमोर उभ्या राहणाऱ्या गार्डचा पवित्राही जवळजवळ हाच असतो. नवख्या गार्डचं पहिलं लक्षण म्हणजे तो समोरचा हलल्यावर वाकतो. सुधारलेला गार्ड समोरच्याला पास मिळण्याआधीच वाकलेला असतो. हा फरक अर्ध्या सेकंदाचा, पण कोपऱ्यातून स्वच्छ दिसतो.

मग पावलं कशी पडतात ते बघा. सरकताना पाय एकमेकांत अडकतात का, उडी मारून जागा बदलतो का, की जमिनीलगत ढकलत जातो? नजर कुठं आहे? हूल खांद्यानं देता येते, डोळ्यांनी देता येते, चेंडूनं देता येते. कमरेनं देता येत नाही. कमरेकडं बघणारा गार्ड क्रॉसओव्हरला, म्हणजे चेंडू झटक्यात एका हातातून दुसऱ्या हातात घेऊन दिलेल्या हुलकावणीला, फसत नाही. चेंडूकडं बघणारा दर वेळी फसतो.

नोंद ठेवायची साधी पद्धत सांगतो. समोरच्या गार्डनं तुमच्या खेळाडूवर चाल केली की वहीत एक खूण करा. त्याला छातीसमोर ठेवलं किंवा नको त्या दिशेला वळायला लावलं तर उभी रेघ. त्यानं ओलांडून रिंगकडं मजल मारली तर फुली. मदतीला दुसरं कुणी आलं म्हणून वाचलं, तर गोल. गोल महत्त्वाचा आहे. गुण गेला नाही म्हणून आपण त्याला चांगला बचाव समजतो, पण त्यात कष्ट सेंटरनं, म्हणजे रिंगजवळ उभ्या असलेल्या उंच खेळाडूनं, केलेले असतात.

आता स्टीलविषयी. याच जागी सगळ्यात जास्त गल्लत होते.

चेंडू हिसकावला की मैदानात टाळ्या पडतात, पोराला चेव येतो आणि पुढच्या चार वेळा तो झडप घालायलाच जातो. त्यातली एक लागते, तीन फसतात. फसलेल्या प्रत्येक झडपेनंतर तो मागं पडलेला असतो आणि बाकीचे चार जण पाच जणांशी लढत असतात. म्हणून वहीत 'स्टील' या रकान्याशेजारी 'फसलेली झडप' हा रकाना आखाच. एनबीएच्या २०१५-१६ च्या हंगामात पॉइंट गार्ड स्टीफन करीनं विक्रमी ४०२ तीन-गुणी बास्केट केल्या आणि सामन्यामागे स्टीलच्या सरासरीतही तोच पहिला होता. तरीही त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत क्लीव्हलंडचा संघ पुन्हा पुन्हा स्क्रीन (सोबत्यानं बचाव करणाऱ्याच्या वाटेत उभं राहून केलेली आडकाठी) लावून त्यालाच बचावात ओढत राहिला, कारण एकास एक कोंडीत त्याला गाठणं त्यांना फायद्याचं वाटत होतं. उलट २०२२ मध्ये बॉस्टनच्या मार्कस स्मार्टला वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा मान मिळाला. गार्डला तो मिळण्याची १९९६ च्या गॅरी पेटननंतर ही पहिलीच वेळ होती. त्या हंगामात स्टीलच्या सरासरीत पहिला मात्र स्मार्ट नव्हता. स्टील मोजा, पण बचावाचा निकाल तिच्यावर देऊ नका.

स्क्रीनवर काय होतं

पॉइंट गार्डचा बचाव खरा उघडा पडतो तो स्क्रीनवर. समोरच्या संघाचा धिप्पाड खेळाडू येऊन भिंतीसारखा उभा राहतो आणि चेंडूवाला त्याला घासून निघतो. तुमच्या गार्डपुढं तीन वाटा असतात. स्क्रीनच्या वरून, म्हणजे चेंडूवाल्याला चिकटून, अंग चोरून निघायचं. खालून, म्हणजे स्क्रीनच्या रिंगकडच्या बाजूनं वळसा घालून पुढं गाठायचं. नाहीतर सोबत्याशी माणूस बदलायचा, ज्याला सगळे स्विच म्हणतात.

यातली अमुक एकच वाट बरोबर, असं नसतं. चेंडूवाला लांबून चांगला मारत असेल तर खालून जाणं म्हणजे त्याला मोकळा शॉट देणं. तो लांबून मारतच नसेल, तर वरून जाण्यात उगाच दमछाक. म्हणून दोन प्रश्न वहीत लिहा. पहिला, स्क्रीन येतेय हे त्याला आधी कळलं होतं का? मागच्या सोबत्यानं ओरडून सांगायचं असतं, पण चांगला गार्ड मान किंचित वळवून स्वतःही हुंगतो. दुसरा, समोरचा कोण आहे हे बघून त्यानं वाट निवडली का? सहा महिन्यांपूर्वी दर स्क्रीनला आपटणारी मुलगी आता आपटत नाही, पण डोळे झाकून दर वेळी खालूनच जाते, तर पाय सुधारलेत, वाचन अजून नाही. तिला काय शिकवायचं ते या दोन ओळींवरून ठरतं.

चेंडू दुसरीकडं असतानाही बघा. आपला माणूस आणि चेंडू दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतील अशी ती उभी राहते का, की नुसत्या चेंडूकडं तोंड करून मागच्या कटला, म्हणजे पाठीमागून रिंगकडं अचानक धावणाऱ्या खेळाडूला, गाफील सापडते? आणि आवाज ऐका. पॉइंट गार्ड गप्प असेल तर अख्खा बचाव मुका होतो. आपल्या पोरी घरी, गल्लीत दिवसभर बोलतात आणि कोर्टवर आल्या की गप्प. कुणीतरी लहानपणी दटावलेलं असतं, "किंचाळू नको." त्यांना आवाज चढवायची मुभा आपणच द्यायची आहे.

सुधारणा झाली हे म्हणायचं कधी

एका सामन्यावरून काहीही ठरवू नका. मोसमाच्या सुरुवातीचे तीन सामने आणि शेवटचे तीन, प्रतिस्पर्धी साधारण एकाच ताकदीचे, असं जोडून बघा. समजा आधी वीस चालींत आठ रेघा, नऊ फुल्या, तीन गोल होते आणि आता वीसमध्ये बारा रेघा, पाच फुल्या, तीन गोल आहेत, तर काहीतरी घडलंय. फुल्या कमी झाल्या आणि तेवढेच गोल वाढले, तर फक्त मदत करणारे सुधारलेत.

तीन गोष्टी डोळ्यांना फसवतात. एक म्हणजे झोन, म्हणजे माणसाऐवजी ठरलेली जागा राखायचा बचाव. संघ झोन खेळत असेल तर गार्डचे दोष झाकले जातात, तेव्हा मॅन टू मॅनचे, म्हणजे प्रत्येकानं आपापला माणूस धरण्याचे, भाग वेगळे मोजा. दुसरी आपल्याकडची खास गोष्ट, पाऊस. शालेय सामने पावसाळ्यात सुरू होतात आणि आपली बरीच कोर्ट उघड्यावरची, सिमेंटची. ओल्या सिमेंटवर आक्रमण करणारा घसरतो, ड्रिबल अडकतो आणि साधा बचावही भक्कम वाटतो. तारखेशेजारी 'कोर्ट ओलं' असं लिहा. तिसरी गोष्ट वाढीची. चौदा ते सतरा या वयात पोर एका मोसमात वीतभर उंच होतं. लांब हात आडवे येतात, पास अडतात, सगळे म्हणतात बचाव काय सुधारलाय! पुढच्या वर्षी समोरचीही तेवढीच उंच होतात आणि सगळं पुन्हा मूळपदावर येतं. म्हणून हातांनी मिळवलेलं आणि पायांनी मिळवलेलं वेगळं लिहा.

हे तपासायचा सरावातला हुकमी उपाय म्हणजे टॉवेल. गार्डच्या मानेमागून टॉवेल टाकून दोन्ही टोकं त्याच्या हातात द्या आणि चेंडूवाल्याला एका बेसलाइनपासून (रिंगमागच्या रेषेपासून) दुसरीपर्यंत नागमोडी न्यायला सांगा. हात बांधले गेले की उरतात ते पाय. महिन्यातून एकदा, त्याच जोडीदारासमोर, त्याच कोर्टवर हे करून मोबाइलवर चित्रण ठेवा. शब्दांत सांगून न पटणारं पोरांना स्वतःला बघून पटतं.

फाउलचा रकानाही इथंच येतो. थोबाडीत मारल्यासारखा वरून खाली येणारा हात म्हणजे पाय हरल्याची कबुली. पहिल्या पाच मिनिटांत दोन फाउल घेऊन बेंचवर बसणारा गार्ड कितीही चांगला असला तरी संघाच्या कामाचा नाही. फाउल किती झाले याबरोबर कशामुळं झाले हे लिहा. माणूस ओलांडून गेल्यावर मागून घेतलेला फाउल आणि समोर पाय रोवून छातीवर घेतलेली धडक, यांची नोंद एका ओळीत नको.

आक्रमण

आक्रमण आपल्याला आपोआप दिसतं, म्हणून इथं थोडक्यात सांगतो. तरी पास आणि टर्नओव्हर यांवर थांबावं लागेल.

ड्रिबल करताना मान वर आहे का ते पहिल्या मिनिटात कळतं. डाव्या हाताची परीक्षा घ्या, म्हणजे डावखुऱ्याच्या उजव्याची. समोरचा डावीकडं ढकलत असताना तो त्या हातानं ८ सेकंदांत चेंडू पुढं आणतो का, की पाठ फिरवून पुन्हा उजव्यावर येतो? डाव्या बाजूचा लेअप, म्हणजे धावत जाऊन रिंगजवळून टाकलेला शॉट, डाव्या हातानंच घेतो का? चाल सुरू व्हायला किती वेळ जातो तेही बघा. २४ पैकी १२ सेकंद वरती टप्पे मारण्यात घालवणारा गार्ड दिसायला रुबाबदार, पण सोबत्यांच्या वाट्याला मग घाईचे शॉटच येतात.

पास कुणाला दिला यापेक्षा कुठं पोचला ते बघा. शॉट घेणाऱ्याच्या छाती-पोटाच्या मध्ये, त्याचे पाय टेकत असताना पोचलेला पास म्हणजे अर्धी बास्केट. तोच पास गुडघ्याशी गेला, तर घेणारा वाकतो, सावरतो, तोवर बचाव येतो. बास्केट चुकली की दोष त्याला लागतो आणि गार्ड सुटतो. वहीत मी याला 'उशिराचा पास' म्हणतो. शिवाय असिस्टच्या आधीचा पास मोजा. बचाव फोडणारा पास गार्डचा असतो, शेवटचा पास दुसराच देतो आणि नाव त्याचं होतं. फुटबॉल बघून मुरलेल्या माणसाला हे वेगळं सांगायची गरज नाही.

टर्नओव्हरची नुसती संख्या लिहिली तर खेळाडूवर अन्याय होतो. मी दोन गट करतो. एक आळसाचा: उभ्या उभ्या दिलेला आडवा पास, एका हातानं केलेला बेफिकीर ड्रिबल, घड्याळाचं भान नसल्यानं गेलेले ८ सेकंद. दुसरा धाडसाचा: पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात) कट मारणाऱ्या सोबतीला दिलेला आणि बोटाच्या पेरानं हुकलेला पास. पहिल्याला कान धरा. दुसऱ्यासाठी रागवाल, तर ती पोरगी पुढच्या सामन्यात तसा पास देणारच नाही आणि तुमचा पॉइंट गार्ड नुसता हमाल होईल. असिस्टला टर्नओव्हरनं भागून येणारा आकडा बघायचाच, शालेय पातळीवर तो एकाच्या खाली घसरत असेल तर काळजी करायची, पण गट पाडल्यावरच बोलायचं. पॉइंट गार्ड जॉन स्टॉकटननं एनबीएत १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील केल्या, दोन्ही आजही विक्रम आहेत. पण पास देणाऱ्याच्या हातून चेंडू कधीच जात नाही असं त्याच्याही बाबतीत झालेलं नाही.

शॉटचं मोजमाप करताना टक्केवारी सरसकट काढू नका. तीन-गुणी रेषा ६.७५ मीटरवर असते, तिथून जाणाऱ्या शॉटला जास्त मोल द्यायला हवं. झालेल्या एकूण बास्केटमध्ये तीन-गुणी बास्केटची निम्मी संख्या मिळवा आणि एकूण प्रयत्नांनी भागा. एका मुलीनं १० प्रयत्नांत ४ बास्केट केल्या, त्यांतल्या २ तीन-गुणी. चार अधिक एक, भागिले दहा, म्हणजे ५० टक्के. दुसरीनं १० पैकी ५ साध्या केल्या, तिचेही ५० टक्केच. दोघींचे गुण मोजा, दहा-दहाच भरतात. फ्री थ्रो वेगळे लिहा आणि दमलेल्या अवस्थेतले, म्हणजे चौथ्या क्वार्टरमधले, त्याहून वेगळे.

आणखी एक पाहा: ती पेंटमध्ये किती वेळा शिरते. आत जाऊन काही न करता बाहेर पास दिला तरी मोजा. गार्ड आत शिरला की बचाव आक्रसतो आणि बाहेरच्यांना श्वास मिळतो. लांबून सुंदर मारणारी पण आत न शिरणारी गार्ड चांगल्या संघासमोर दुसऱ्या क्वार्टरपर्यंत संपते.

खेळाडूशी बोलताना

सामन्यानंतर लगेच वही दाखवू नका. हरल्यावर तर नाहीच. दुसऱ्या दिवशी सरावाआधी दहा मिनिटं बसा आणि आधी तिला विचारा, "काल तुला कुठं अडलं?" बहुतेक वेळा ती तुमच्या वहीतलंच काहीतरी सांगते. मग एकच गोष्ट द्या, तीही मोजता येईल अशी. "बचाव सुधार" असं सांगून काही होत नाही. "पुढच्या सामन्यात फसलेल्या झडपा तीनपेक्षा जास्त नकोत" हे तिला कळतं. पालकांसमोर दुसऱ्या मुलीशी तुलना तर करूच नका. महाराष्ट्राच्या मुलींना पुढं बघायला माणसं आहेत, पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली. पण तुमच्या वहीतल्या मुलीची तुलना फक्त तिच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या पानाशी.

वहीत शेवटचा एक रकाना ठेवा आणि त्याला 'चेंडू गेल्यावर' असं नाव द्या. तिच्या हातून टर्नओव्हर झाला की पुढचे पाच सेकंद डोळे तिच्यावरून हलवू नका. कपाळाला हात लावते? पंचांकडं बघते? पास न पकडणाऱ्या सोबतीवर डाफरते? की चेंडू सुटल्याक्षणी वळून मागं धावते आणि रिंगसमोर एकटी उभी राहते, समोरून दोघी येत असल्या तरी? आमच्याकडच्या एका मुलीच्या वहीत या रकान्यात पहिल्या मोसमात सलग फुल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात, ओल्या कोर्टवर, आम्ही बारा गुणांनी मागं असताना तिचा पास तुटला. ती घसरली, हात टेकून उठली आणि धावत जाऊन बेसलाइनजवळ समोरच्या मुलीला गाठून तिला बाहेर पास द्यायला लावला. त्या पासवर बास्केट झालीच. तरी त्या पानावर मी उभी रेघ ओढली आणि तारखेखाली 'कोर्ट ओलं' असं लिहिलं.